संगणकीय माहिती-प्रणाली आणि विद्यापीठाचा कारभार

संगणक बसविला की कारभार सुधारतोच, असा आपल्याकडे एक सर्वसाधारण समज आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनी हा समज एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

विल्यम डिलोन व एफ्रेम मॅक्लीन या अमेरिकन अभ्यासकांनी १९९२ साली माहिती-प्रणालीच्या यशाची सहा अंगे मांडली : यंत्रणेचा दर्जा, तिच्यातून मिळणाऱ्या माहितीचा दर्जा, प्रत्यक्ष वापर, वापरणाऱ्याचे समाधान, व्यक्तीच्या कामावरील परिणाम आणि संस्थेच्या कामगिरीवरील परिणाम. २००३ साली त्यांनी सेवेचा दर्जा हे अंगही जोडले. परीक्षेपुरती ही यादी पाठ करणारे पुष्कळ असतात. तिचा खरा अर्थ मात्र मुंबई विद्यापीठाच्या २०१७ सालच्या अनुभवावरून कळतो.

त्या वर्षी उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरले. उत्तरपत्रिकेचे प्रत्येक पान स्कॅन करावयाचे, तिची ओळख बारकोडने ठेवावयाची, प्राध्यापकांनी केंद्रातील संगणकावर बसून गुण द्यावयाचे आणि बेरीज यंत्राने करावयाची, अशी ही पद्धत. बेरजेच्या चुका टळाव्यात आणि गुणांत हेराफेरी होऊ नये हा हेतू चांगलाच होता.

परंतु कंपनीला काम दिले गेले ते परीक्षा सुरू झाल्यानंतर. स्कॅनिंग रेंगाळले. वर्षानुवर्षे लाल शाईने पेपर तपासलेल्या हजारो प्राध्यापकांना नव्या पद्धतीची सवय व्हायला अवसरच मिळाला नाही. (दोष प्राध्यापकांच्या माथी मारणे सोपे असते, पण शिकवल्यावाचून कोण शिकतो?) तपासणीसाठी वर्गही काही दिवस बंद ठेवावे लागले. कायद्याप्रमाणे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागावयास हवा. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली आणि शेवटचे निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

म्हणजे पहिल्या अंगात, यंत्रणेत, पैसा ओतला गेला. वापर आणि सेवा ही अंगे दुबळी राहिली आणि संस्थेची कामगिरी जुन्या पद्धतीपेक्षाही खालावली. त्याची झळ कोणाला बसली? गुणपत्रिका हाती नसल्याने पदव्युत्तर प्रवेश लटकला, नोकरी थांबली. ज्याच्या घरी आणखी एक वर्ष थांबण्याची ऐपत आहे तो निभावून नेतो. ज्याच्या घरात तो पहिलाच पदवीधर होणार असतो, त्याला ते परवडत नाही.

माहितीच्या दर्जाविषयी एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकाराखालील माहिती आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी दिला आहे. गुणांविषयी शंका आल्यास छायाप्रतीसाठी अर्ज करावा, पाने मोजून पाहावीत, अक्षर आपलेच आहे ना हेही पाहावे आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत जाण्यापूर्वी पोच घेऊन अर्ज द्यावा.