जे हाताशी, तेच पोटात

बेला, जि. आदिलाबाद

चि. बाळास,

तुझे पत्र पोचले. डॉक्टरांनी तळलेले बंद करायला सांगून महिना झाला, तरी क्लासवरून येताना मिरचीभज्यांच्या गाड्यापाशी पाय थांबतातच, माझा मनावर ताबाच नाही, असे तू लिहिलेस. वाचून जीव कळवळला. पण स्वतःला लावलेला हा दोष मला मान्य नाही.

माझ्या लहानपणी आपल्या घरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी असायची, सोबत अंबाडीची भाजी नाहीतर वरण. भात सणावारी. 1983 मध्ये आंध्र प्रदेशात एन. टी. रामारावांच्या सरकारने रेशनवर दोन रुपये किलोने तांदूळ दिला. गरिबाच्या घरी त्याने चूल पेटली, हे विसरायचे नाही. पण भाकरी सोडू या, असे आपल्या घरात कधी कोणी ठरवले नव्हते. तांदूळ घरात आला, भात पटकन शिजायचा आणि भाकऱ्या थापायला तुझ्या आजीला पहाटे उठावे लागायचे. हळूहळू शेतातही ज्वारीच्या जागी कापूस आला. आजी काय दुबळ्या मनाची होती? दिवसभर उन्हात कापूस वेचणारी बाई ती. जे हाताशी आले, ते ताटात आले.

म्हणून मनाशी झुंजत बसू नकोस. संध्याकाळी पोटात भूक आणि डोक्यात शीण असताना ती झुंज तू हरणारच. ठरवायचे ते दुपारी, पोट भरलेले असताना. येताना मागच्या गल्लीने ये. निघतानाच खिशात मूठभर फुटाणे टाक.

आणि सोबत बघ. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 177 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा संयम ढिला पडला होता, त्यांना बहुतेक जण पौष्टिक पदार्थच घेतात असे कळल्यावर तेही तेच जास्त वेळा निवडू लागले. मला यात मोठा दिलासा वाटतो. थकलेले मन वाद घालत नाही, चारचौघांच्या मागे जाते. मग ते चौघे चांगले निवडावेत. तुझ्या क्लासमधला जो मुलगा घरून डबा आणतो, त्याच्यासोबत जेवायला बसत जा.

आपल्या जिल्ह्यातल्या उटनूरच्या आदिवासी बाया मोहाचे लाडू करतात. अंगात रक्त वाढावे म्हणून ते आश्रमशाळांतल्या मुलांना देतात. मुलाच्या हातावर लाडू येतो, शेजारचा खातो, तोही खातो. मनाला कसोटीला लावावेच लागत नाही.

एखाद्या दिवशी भजी खाल्लीसच, तर शिक्षा म्हणून रात्री उपाशी झोपू नकोस. उपाशी पोट दुसऱ्या दिवशी दुप्पट ओढते.

शनिवारच्या बसने मामी ज्वारीच्या लाह्या आणि भाजलेले शेंगदाणे पाठवते आहे. डबा पेटीत ठेवू नकोस. टेबलावर, पुस्तकांच्या शेजारी ठेव.

तुझा,
मामा