होल्याचे दूध

आमच्या मालवणच्या घरामागे लहानसे परसू आहे. चार माड, चमेलीचा मांडव आणि चिऱ्यांचा गडगा, एवढाच त्याचा विस्तार. परंतु गेल्या वैशाखात तेथे दोन कुटुंबे एकाच वेळी नांदत होती. पडवीच्या कौलांखाली काथ्या व कापूस जमवून चानीने, म्हणजे पुस्तकी भाषेत खारीने, घर केले होते. आणि चमेलीच्या मांडवावर होल्यांच्या जोडप्याने. होल्याच्या घरट्यास घरटे म्हणणे हे केवळ सौजन्य होय. दहापाच काटक्या आडव्यातिडव्या टाकल्या की त्याचे काम संपले. खालून पाहता आतील दोन पांढरी अंडी स्पष्ट दिसत.

पिल्ले बाहेर येऊन दोन दिवस झाले नाहीत तोच सोसाट्याच्या वाऱ्याने त्यांतील एक खाली पडले. आम्ही ते उचलून कापसात ठेविले व मोठ्या ममतेने चमच्याने गाईचे दूध आणि पेज पाजली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेलेले आढळले. घरातील मुलांनी आम्हांस कारण विचारले, तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते.

ते पुढे वाचनात सापडले. होल्याच्या व कबुतराच्या गळ्याशी जो चारा साठविण्याचा कोथळा असतो, त्याच्या आतील अस्तर पिल्ले जन्मण्याच्या सुमारास जाड होते व त्याचे दह्यासारखे कण सुटू लागतात. हेच त्यांचे दूध. त्यात प्रथिने व स्निग्धांश विपुल, परंतु गाईच्या दुधातील साखर मुळीच नसते. पहिले काही दिवस पिल्लांचे अन्न एवढेच. मग त्यात भिजलेले दाणे मिसळू लागतात. विशेष हे की, हे दूध मादीप्रमाणे नरासही येते! जॉन हंटर या इंग्लंडातील शल्यविशारदाने याचे वर्णन १७८६ साली केले. पुढे १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत रिडल प्रभृतींनी ज्या द्रव्यास प्रोलॅक्टिन हे नाव दिले, ते होल्याच्या गळ्यात व चानीच्या स्तनांत सारखेच कार्य करते.

आमची दुसरी चूक चमच्याची. कावळ्याचे पिल्लू चोच वासून बसते व आईबाप तीत घास घालतात. होल्याचे पिल्लू उलट आपलीच चोच आईबापाच्या मुखात खुपसते. उरलेल्या पिल्लास आम्ही खिडकीआडून रोज पाहत होतो. दोघांच्या माना एकदम खालीवर होत.

चानीच्या घरी बाप फिरकतही नसे; सारा भार आईवर. एके दुपारी तिचे एक उघडे पिल्लू कौलांतून पडले. मुले दूध आणावयास धावली, परंतु या वेळी आम्ही त्यांस थांबविले. पिल्लू सुपात घालून पागोळीखाली ठेविले, मांजरास खोलीत कोंडिले आणि सर्वजण दूर उभे राहिलो. तासाभराने चानी उतरली, दोनदा परत गेली, आणि शेवटी पिल्लास तोंडात धरून वासावर चढली.

मृग निघण्याच्या सुमारास चानीची तीन पिल्ले स्वयंपाकघरामागे टाकलेले आंब्याचे बाठे पुढच्या पायांत धरून कुरतडू लागली. जवळच कण्या टिपावयास होला उतरे. त्याचे पिल्लू आता पंखांनी पुरते, पण बापामागे धावून त्याच्या तोंडात चोच खुपसू पाही. बाप पाठ फिरवून कण्या टिपीत राही.