बिघाड झाला तरी विमान उडत असतं

चाकणच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. घरी भोसरीत, शिफ्ट संपल्यावर, एक्स-प्लेनमध्ये सेसना १७२ उडवतो. या सिम्युलेटरमध्ये कुठला बिघाड कधी व्हावा हे आधी ठरवता येतं, किंवा सगळं त्याच्यावरच सोडता येतं. मी त्याच्यावर सोडतो. लोहगावहून चाकण, राजगुरुनगरवर फेऱ्या मारताना जे हाती लागलं, ते असं :

१. आधी विमान उडवा. इंजिन बंद पडलं की हात चावीकडे धावतो. त्याआधी नाक खाली करून वेग धरा. पूर्ण वजनाच्या १७२ एसला ६८ नॉट. मग उतरायची जागा बघा. त्यानंतर इंधनाचा व्हॉल्व्ह, टाकीचा सिलेक्टर, जादा पंप, मिक्स्चर, मॅग्नेटो. आपल्याकडची जमीनच उंच आहे, हे विसरू नका. उंचीमापक ३,००० फूट दाखवतो तेव्हा चाकणची शेडं नि विजेच्या तारा जेमतेम हजार फूट खाली असतात. हातात मिनिट-सव्वा मिनिट मिळतं.

२. सगळ्यात घातक बिघाड गुपचूप होतो. जुन्या तबकड्यांच्या १७२मध्ये क्षितिजदर्शक आणि दिशादर्शक व्हॅक्यूम पंपावर चालतात, वळणदर्शक विजेवर. पंप गेला तरी या तबकड्यांतला फिरता जायरो लगेच थांबत नाही. त्याची गती उतरत जाते, तबकडीतलं क्षितिज हळूहळू कलतं आणि ढगात असलेला माणूस सरळ चाललेलं विमान वाकवू लागतो. म्हणून दोन तबकड्यांचं जुळत नसेल तर वेगळ्या ऊर्जेवर चालणारी तिसरी बघा. खोटं दाखवणारी झाकून टाका. मी स्क्रीनवर सरळ कागद चिकटवतो, कारण डोळा सवयीने तिकडेच जातो.

हा प्रश्न खेळापुरता नाही. १ जानेवारी १९७८च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. विमानातले सर्व २१३ जण गेले. इंजिनं चालू होती. बिघडला होता तो कॅप्टनसमोरचा क्षितिजदर्शक. खाली काळा समुद्र, बाहेर बघून खात्री करायला क्षितिजच नव्हतं. कॉकपिटमध्ये सहवैमानिकापुढे दुसरा आणि राखीव म्हणून तिसरा क्षितिजदर्शक होता. ढगात शिरताना मला हे दरवेळी आठवतं.

३. पहिला अलार्म शोधा. कारखान्यात लाईन थांबली की पॅनेलवर अलार्मची रांग लागते. त्यातला पहिला कारण सांगतो, बाकीचे परिणाम. अल्टरनेटर गेल्यावर तेच होतं. रेडिओ खरखरतो, दिवे मंदावतात, पण मूळ एकच. बॅटरी साधारण अर्धा तास धरा, एक रेडिओ ठेवून बाकी बंद करा. इंजिन मॅग्नेटोवर चालतं, ते थांबणार नाही. फ्लॅप मात्र विजेचे आहेत, तेव्हा त्यांच्याशिवाय उतरायची तयारी ठेवा.

४. चेकलिस्ट छापील हवी, मांडीवर.

तुमच्याकडे सिम्युलेटर असेल तर या आठवड्यात व्हॅक्यूम पंपाचा बिघाड लावा, ढगात शिरा, आणि वळणदर्शक, होकायंत्र, वेगमापक व उंचीमापक एवढ्यांवर लोहगावला परत येऊन दाखवा.