बॅटरीचा हिशेब

मुलांनो, सप्टेंबरच्या एका लाँग वीकेंडला आम्ही कॅम्पर ट्रेलर घेऊन लेक बॅलार्डला गेलो होतो. कालगुर्लीहून उत्तरेला मेन्झीस आणि तिथून पश्चिमेला, असे सगळे मिळून सुमारे १८० किलोमीटर. तिथल्या कोरड्या, खाऱ्या तळ्यावर अँटनी गॉर्मली यांचे ५१ धातूचे पुतळे २००३ पासून उभे आहेत. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असतील. काठावर मुक्काम करता येतो, पण वीज नाही. आमची सगळी भिस्त ट्रेलरमधल्या बॅटरीवर आणि एका सोलर पॅनेलवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी फ्रिज उघडला आणि म्हणाल्या, "अरे, दही गार लागत नाही." दह्याचे सोडा, त्याच फ्रिजमध्ये त्यांचे इन्सुलिन होते. बॅटरी उतरल्यामुळे फ्रिज रात्रीच केव्हातरी आपोआप बंद पडला होता.

आमचे चुकले कुठे, ते आकड्यांनीच पाहू. बॅटरीत किती वीज मावते हे अँपिअर-तासांत मोजतात. आमची बॅटरी १०० अँपिअर-तासांची, साध्या शिशाच्या जातीची. ही जात निम्म्याहून जास्त रिकामी केली की लवकर खराब होते. म्हणजे माठ शंभराचा असला तरी वापरायचे पाणी पन्नासच. आमचा फ्रिज चालू असताना ४ अँपिअर घेतो आणि साधारण निम्मा वेळ चालतो. १२ तास गुणिले ४, म्हणजे दिवसाला ४८. एकट्या फ्रिजनेच माठ संपला! दिवे आम्ही काटकसरीने लावत होतो, पण एलईडी दिव्यांचा खर्च इतका थोडा, की ती काटकसर फुकटच गेली.

त्यात आम्ही भात लावला विजेच्या कुकरवर. ५०० वॉटला १२ व्होल्टने भागा, जवळजवळ ४२ अँपिअर येतात. २४ मिनिटांत १७ अँपिअर-तास गेले, शिवाय इन्व्हर्टर स्वतः खातो तो भाग वेगळा. गॅसची शेगडी शेजारीच होती! आणि निघताना घरचे गरम वरण तसेच फ्रिजमध्ये ठेवले होते, ते गार करण्यात त्याची पहिली रात्र गेली. हे घरच्या विजेवर आधी करून घ्यायचे असते.

पॅनेलची चूक मात्र वेगळीच. ट्रेलर आम्ही झाडाच्या सावलीत लावला आणि पॅनेल त्याच्याच छपरावर. सावली एका फांदीचीच होती. पण पॅनेलमधले घट साखळीसारखे एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे थोडी सावलीसुद्धा बरीच वीज अडवते. आता आम्ही लांब वायरचे सुटे पॅनेल उन्हात मांडतो. तोंड उत्तरेकडे बरे का! महाराष्ट्रात ते दक्षिणेकडे करतात. मामाच्या गच्चीवरचे पॅनेल आठवून मांडाल तर फसाल.

मीटर पाहिला नव्हता का? पाहिला होता, भर दुपारी. १३.२ व्होल्ट दिसले आणि आम्ही निश्चिंत झालो. पण ऊन चालू असताना दिसतो तो आकडा चार्जिंगचा. खरा आकडा सगळे बंद करून, बॅटरी थोडा वेळ स्वस्थ ठेवून घ्यावा. १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. लिथियमच्या बॅटरीत बरीच जास्त वीज वापरता येते, पण तिचे व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सारखेच राहते. तिच्यासाठी आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा मीटर हवा.

इन्सुलिनचे काय झाले? ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून स्टीलच्या डब्यात ठेवले, डब्याला ओले फडके गुंडाळले आणि डबा सावलीत, वाऱ्यावर टांगला. शेजारच्या कूलगार्डीत १८९० च्या दशकात सोन्यामागे आलेले लोक ओल्या गोणपाटाच्या कपाटात अन्न गार ठेवत. कूलगार्डी सेफ म्हणतात ते हेच. आपल्या माठाचेच तत्त्व. फडके दर अर्ध्या तासाने आजी स्वतः भिजवत होत्या, दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. दुपारी सहल आटोपती घेऊन आम्ही परतलो.

हा हिशेब घरीही लागतो. जानेवारी २०२४ मध्ये वादळाने पश्चिमेकडून येणाऱ्या वीजवाहिनीचे मनोरे पाडले आणि ऐन उन्हाळ्यात कालगुर्लीतल्या हजारो घरांची वीज गेली.

आता वहीत सोडवा: १२० वॉटचे पॅनेल, दिवसाला साडेपाच तासांचे पूर्ण ऊन, त्यातला तिसरा हिस्सा वाया. किती अँपिअर-तास मिळतील? आमचा फ्रिज त्यावर चालेल का? चालत नसेल, तर वर सांगितलेल्यांपैकी तुम्ही काय बदलाल, ते पाच वाक्यांत मराठीत लिहून पुढच्या शनिवारी आणा. मोठ्यांची मदत घेतलीत तरी चालेल; त्यांनाही हिशेब येतो का ते कळेल.