कोल्हापुरी चपलेचे संकेतस्थळ : पाहणारा ग्राहक कसा व्हावा?

जून 2025 मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या विख्यात फॅशन संस्थेच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेशी विलक्षण साम्य असलेली पादत्राणे झळकली. प्रारंभी त्यांच्या मूळ स्थानाचा उल्लेख नव्हता. भारतातून टीका झाल्यावर ही प्रेरणा येथील हस्तकलेची असल्याचे संस्थेने मान्य केले. वृत्तपत्रांतून या वादाची पुष्कळ चर्चा झाली. आपल्या दृष्टीने त्यातील एक वेगळा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ‘कोल्हापुरी’ हा शब्द त्या दिवसांत ज्यांनी प्रथमच ऐकला, त्यांपैकी एखाद्याला अस्सल जोडी घ्यावीशी वाटली असती, तर ती घडविणाऱ्या कारागिराच्या दारापर्यंत तो पोहोचू शकला असता काय?

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक संकेतांक लाभला. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. या नोंदणीने नावाला संरक्षण मिळाले. तथापि नावाचे संरक्षण म्हणजे विक्री नव्हे. यंत्रावर तयार होणाऱ्या, कृत्रिम चामड्याच्या स्वस्त नकला त्याच नावाने सर्वत्र मिळतात आणि मोबाईलच्या लहानशा पडद्यावर दोन्ही चपला जवळजवळ सारख्याच दिसतात. अस्सल आणि नकली यांतील भेद ग्राहकाला हाताने कळतो, डोळ्यांनी क्वचितच. कारागिराच्या संकेतस्थळापुढील खरी अडचण हीच आहे.

कर्जप्रस्तावासोबत संकेतस्थळाचा पत्ता दिलेला असेल, तर तो उघडून पाहण्याची सवय प्रस्तुत लेखकाला आहे. बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसते. प्रथम सरकत जाणारी मोठमोठी छायाचित्रे, त्यानंतर ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ हे वाक्य, पुढे वीस-पंचवीस चपलांची रांग आणि प्रत्येकीखाली ‘किंमतीसाठी संपर्क साधा’. ज्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले, त्याच्याविषयी त्यात एकही विशेष गोष्ट नसते. हेच वाक्य स्टीलच्या भांड्यांच्या दुकानालाही शोभले असते.

ओट्यावरील संभाषण

कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये ग्राहक येतो तेव्हा काय घडते, ते आठवून पाहावे. तो चप्पल उचलतो, उलटी करून तळ पाहतो, वाकवून पाहतो, पायात घालून चार पावले चालतो. मग विचारतो : चावेल का? पावसात चालेल का? तेल कोणते लावायचे? दुकानदार एकेका प्रश्नाला उत्तर देतो आणि त्या उत्तरांतूनच ग्राहकाचा विश्वास बसत जातो. संकेतस्थळावर ही सारी संधी नाहीशी होते. दूरच्या ग्राहकाने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन ठेवणे, हेच संकेतस्थळाचे मुख्य काम होय. सजावट हा त्यानंतरचा विषय आहे.

यास्तव छायाचित्रांपासून आरंभ करावा. एकाच जोडीची निदान पाच छायाचित्रे हवीत : वरून, बाजूने, तळाकडून, वेणीचे व शिवणीचे जवळून घेतलेले, आणि पायात घातलेले. पारंपरिक कोल्हापुरीत खिळे नसतात. चामड्याच्याच वादीने ती शिवलेली असते. ही शिवण जवळून दाखविली, तर नकलेपासूनचा फरक शब्दांवाचून स्पष्ट होतो. छायाचित्रे सकाळच्या सावलीतील उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर काढावीत. रंग अधिक गडद दिसावा म्हणून त्यांवर संस्कार करू नयेत, कारण वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याचा रंग जोडीगणिक किंचित बदलतो आणि फसवणुकीची शंका तेथूनच सुरू होते. असा फरक पडतो, हे त्याच पानावर लिहून ठेवणे श्रेयस्कर.

वर्णनात ‘आकर्षक’, ‘टिकाऊ’, ‘उत्कृष्ट’ ही विशेषणे जागा अडवितात. त्याऐवजी माहिती द्यावी. चामडे कोणत्या जनावराचे, बाभळीची साल व हिरडा यांनी ते कसे कमावले, तळाची जाडी किती मिलिमीटर, एका चपलेचे वजन किती ग्रॅम, वेणी कोणी घातली, एका जोडीस किती दिवस लागले. या व्यवसायात शिवणीचे व वेणीचे नाजूक काम पुष्कळदा घरातील स्त्रिया करतात. त्यांच्या संमतीने त्यांचे नाव व हात पानावर दिसावेत. कापशी, कुरुंदवाडी अशी प्रकारांची नावे परप्रांतीय ग्राहकास अपरिचित असतात. ती काढून न टाकता प्रत्येकीचे वैशिष्ट्य एका वाक्यात सांगावे. करकर वाजणाऱ्या चपलेबाबत तर हे अगत्याचे आहे. आपल्याकडे तो आवाज मुद्दाम आणलेला असतो. दिल्लीचा ग्राहक तो दोष समजून जोडी परत पाठवील.

मापाचा प्रश्न

पादत्राणे परत येण्याचे एक मोठे कारण म्हणजे माप. कोल्हापुरीला बक्कल नसते, घट्ट-सैल करण्याची सोय नसते. शिवाय वापराने चामडे थोडे सैलावते. अशा वस्तूसाठी केवळ ‘7, 8, 9’ असे आकडे देणे पुरेसे नाही. ग्राहकाला कागदावर उभे राहून पायाची रेषा आखण्यास सांगावे, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी व चवड्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये घेण्यास सांगावे. दिवसभरात पाय किंचित सुजतात, म्हणून माप सायंकाळी घ्यावे. ही कृती दोन रेखाचित्रांसह मराठी, हिंदी व इंग्रजी भाषांत द्यावी. ज्याला हे जमत नाही, त्याने आखलेल्या कागदाचे छायाचित्र मोजपट्टीसह व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावे. एक जोडी परत आली म्हणजे दोन्ही वेळचा वाहतूक खर्च पदरी पडतो आणि लहान कारागिराचा नफा त्यातच विरतो. मापाच्या पानावर दोन दिवस खर्ची पडले तरी ते व्यर्थ जात नाहीत.

किमतीविषयी संकोच नसावा. किंमत लपविलेली दिसली की ती आपल्या आवाक्याबाहेरची असावी, किंवा माणूस पाहून सांगितली जात असावी, अशी ग्राहकाची समजूत होते. करासह किंमत, टपाल वा कुरियरचा खर्च, पाठविण्यास लागणारे दिवस आणि परतीच्या अटी या चार गोष्टी प्रत्येक वस्तूखाली असाव्यात. पावसाळ्यात चामडे वाळण्यास अधिक काळ लागतो. त्या महिन्यांत मुदत वाढवूनच सांगावी. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 यांचाही रोख याच दिशेने आहे : विक्रेत्याचे नाव, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क व परतीच्या अटी ग्राहकास आधीच दिसाव्यात.

शोधयंत्रांची भाषाही लक्षात घ्यावी. माहिती छायाचित्रावर छापली तर माणसाला वाचता येते, परंतु शोधयंत्राच्या हाती ती भरवशाने लागत नाही. म्हणून मजकूर मजकूर म्हणूनच टंकित करावा. चप्पल हा शब्द इंग्रजीत कोणी एक ‘पी’ घालून लिहितो, कोणी दोन. दोन्ही रूपे पानावर सहजपणे यावीत. छायाचित्रांचा आकार कमी करून ती चढवावीत, कारण पान उघडण्यास वेळ लागला तर ग्राहक थांबत नाही. दुकानाची गूगलच्या नकाशावरील नोंद विनामूल्य आहे आणि पर्यटकांना तीच प्रथम दिसते.

भौगोलिक संकेतांकाचे बोधचिन्ह मात्र केवळ जिल्ह्यात राहतो म्हणून लावता येत नाही. 1999 च्या कायद्यानुसार उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नई येथील नोंदणी कार्यालयात स्वतःची नोंद करून घ्यावी लागते. ती झाल्यावर आपला क्रमांक संकेतस्थळावर ठळकपणे द्यावा. यंत्रावर काढलेल्या नकलेला हे करता येणार नाही.

पैसे आणि मालकी

ग्राहक शेवटच्या पायरीवर, म्हणजे पैसे देतानाही थबकतो. व्यक्तिगत मोबाईल क्रमांकावर रक्कम पाठविण्यास सांगणाऱ्या संकेतस्थळाविषयी त्याला भीती वाटते, आणि ती रास्त आहे. व्यवसायाच्या नावाचे चालू खाते, त्यास जोडलेला क्यूआर संकेत किंवा पेमेंट गेटवे, आणि देयक मिळताच जाणारी पोच यांनी ही भीती ओसरते. कारागिरानेही सावध असावे. मोठी मागणी नोंदवून ‘आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असे सांगणारे भामटे असतात. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, हे दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी कारागिराच्याच नावाने व त्याच्याच ई-मेलवर करावी. ओळखीचा मुलगा ते आपल्या नावाने नोंदवितो, नोकरीनिमित्त परगावी जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या ई-मेलवर पडून राहते आणि वर्षानुवर्षे ग्राहकांना पाठ झालेला पत्ता एके दिवशी बंद पडतो. नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

भांडवलाचा प्रश्न येतो तेव्हा शाखेतील सहकाऱ्यांनी पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती अवश्य द्यावी. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या या योजनेतील 18 व्यवसायांत पादत्राणे घडविणाऱ्यांचा समावेश आहे. प्रथम 1 लाख व त्यानंतर 2 लाख रुपयांपर्यंत तारणविरहित कर्ज 5 टक्के व्याजाने मिळते, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आहे आणि प्रत्येक डिजिटल व्यवहारामागे 1 रुपया, महिन्यास कमाल 100 व्यवहारांपर्यंत, असे प्रोत्साहनही आहे. रक्कम लहान आहे खरी. परंतु नोंदविलेले हेच व्यवहार पुढील कर्जाच्या वेळी कारागिराच्या उलाढालीचा पुरावा म्हणून शाखेच्या कामी येतात.