ट्रक शिकायचाय? आधी एक वर्ष मोजा

ताईंनो, ऊसतोडीला जाताना ट्रकमध्ये मागं बसून तुम्ही कितीदा गेला असाल. आता स्टेअरिंग धरायचं म्हणताय, तर आधी कागद बघा. ट्रकचं शिकाऊ लायसन लगेच मिळत नाही. त्यासाठी हलक्या वाहनाचं पक्कं लायसन किमान एक वर्ष जुनं लागतं, वय 20 पूर्ण लागतं, डॉक्टरचा दाखलाही लागतो. म्हणून कारचं लायसन आत्ताच काढायला घ्या. आठवी पासची अट 2019 मध्येच गेली, शाळा सुटली म्हणून मागं राहू नका. ‘वर्षभर थांबायची गरज नाही’ असं एजंट म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका. घरचे विचारतील, बाईला जमेल का? 2023 मध्ये सासवड-नीरा एसटी बाईनंच चालवली, हे सांगा. शिकताना शेजारी पक्कं लायसनवाला उस्ताद हवाच. आणि डावीकडे वळताना केबिनला चिकटून चाललेली सायकल आरशात दिसत नाही, तेवढं त्याच्याकडून पहिल्याच दिवशी समजून घ्या.