टाच दुखते, पण दोष हाडाचा नव्हे

गेल्या पावसाळ्यात पन्नाशीच्या एक बाई एक्स-रे घेऊन माझ्याकडे आल्या. "डॉक्टर, टाचेचं हाड वाढलंय, ऑपरेशनच करावं लागेल म्हणतात. बांगड्या मोडू का, तेवढं सांगा." बाई एका खानावळीत दिवसभर उभ्याने पोळ्या लाटतात. सकाळी उठून पहिले पाऊल टेकले की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ. थोडे चालल्यावर कमी, आणि संध्याकाळी पुन्हा ठणका.

एक्स-रेत काट्यासारखे टोक होते खरे. पण टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांतही असे टोक सापडते. खरे दुखणे असते तळपायातील चिवट पट्ट्याचे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला हा पट्टा धनुष्याच्या दोरीसारखा पायाची कमान धरून ठेवतो. तासन्‌तास उभे राहणे, वाढलेले वजन, आखडलेली पोटरी यांमुळे टाचेजवळ त्याचे धागे दुखावतात. यालाच प्लांटर फॅसायटिस म्हणतात. रात्रभर आखडलेला पट्टा पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो.

म्हणून उपाय पहिल्या पावलाच्या आधी करायचा. अंथरुणावर बसूनच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि हाताने बोटे नडगीकडे ओढा. तळपायात दोरी ताणल्यासारखी हाताला लागली पाहिजे. 10 आकडे मोजा, सोडा. असे 10 वेळा, दिवसातून तीनदा. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे घ्या; गुडघा ताठ, टाच जमिनीवर, आणि पुढे झुका. संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून तळपायाखाली पाच-दहा मिनिटे फिरवा.

घरातही मऊ चपला घाला म्हणताच बाईंच्या कपाळाला आठी पडली. शेवटी ओट्यापुढे उभे राहण्यापुरती वेगळी, धुतलेली जोडी त्यांनी कबूल केली. कडक फरशीवर अनवाणी उभे राहून व्यायामाचा गुण येत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. बाईंना बरे वाटायला चार महिने लागले. बांगड्या हातातच आहेत. बहुतेकांना वर्षभरात आराम पडतो, शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरे वाटते, पण ते वारंवार घेतल्यास टाचेची गादी झिजते, क्वचित पट्टाच तुटतो. गरम विटेवर रुईचे पान ठेवून शेकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मधुमेह असलेल्यांनी ती अजिबात करू नये. पाय बधिर असेल तर भाजल्याचे कळतही नाही आणि जखम चिघळते. बर्फाबाबतही त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

टाच सुजून लाल झाली, ताप आला, रात्री झोपेतही ठणकू लागली, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडू लागली, तर मात्र घरी व्यायाम करीत बसू नका. लगेच तपासून घ्या.